हललेले फोटो

माझ्या वहिनीनं रंगवलेला पहिला धावपटू मी पाहिला तेव्हा तोंड आवरायला हवं होतं. पण ते मला कधी जमलंय?

"याला कुणी दोरीवर वाळत घातलंय का गं?" मी विचारलं.

वहिनीनं ब्रश फडक्याला पुसला, स्वच्छ झालेला ब्रश पुन्हा पुसला आणि म्हणाली, "वन्सं, चहा घ्या आणि जा."

एरवी ती मला 'अगं' म्हणते. 'वन्सं' आलं आणि वर 'घ्या' आलं की समजायचं, बाईसाहेब मनापासून दुखावल्यात. मी चहा घेतला आणि गेले. जायला लांब नव्हतंच म्हणा. ती आणि माझा दादा वरच्या मजल्यावर राहतात, मी खालच्या.

पण खरं सांगते, तो धावपटू वाळतच होता. चित्र दादानं काढलेल्या फोटोवरून केलेलं. वहिनीनं फोटोवर बारीक चौकटी आखल्या होत्या, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर, आणि एकेक चौकट इमानेइतबारे उतरवली होती. बुटाची नाडी होती, मानेची शीर होती, बोटं मोजून पाच. कशात चूक काढायला जागा नाही. आणि तरी तो माणूस पळत नव्हता. दोन्ही पाय हवेत, आणि हवेतच विसरून गेलेले.

वहिनी बुटांच्या दुकानात कामाला आहे. लग्नानंतर लगेच लागली, अजून तिथेच आहे. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवायचा, बूट चढवायचा. मग गिऱ्हाईक उठून आरशापर्यंत चालत जातं आणि परत येतं. ही तेवढा वेळ खालून बघत बसते. कोण टाच आपटतं, कोण बाहेरच्या बाजूवर भार टाकतं, कोण नवीन बूट आहेत म्हणून उगाच नवरदेवासारखं चालतं. चित्रं काढायची हौस तिला शाळेपासून, पण बसलेला माणूस काढायचा तिला पहिल्यापासून कंटाळा. "बसलेल्याला बसू दे की," म्हणायची. "मला उठतानाचा काढायचाय."

दादा एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानासाठी फोटो काढायचा. सुट्टीचा दिवस त्याचा मैदानावरच जायचा. पोरगी शिकून नोकरीला परगावी गेली आणि वहिनीला मंगळवारच्या सुट्टीत रिकामी खोली खायला उठायला लागली, तेव्हा तिनं वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सकाळी चालणारा चित्रकलेचा वर्ग लावला. शिकवणारे सर पहिलं वर्षभर कुणाला रंगाला हात लावू देत नाहीत. काळी ट्यूब, पांढरी ट्यूब, बस. वर्ष संपलं, बाकीचे सगळे फुलं आणि होड्या रंगवायला मोकळे झाले. वहिनी काळ्या-पांढऱ्यातच राहिली.

"लाल जर्सी रंगवली की लोक आधी विचारतात कुठला संघ," ती म्हणाली. "माणूस राहतो बाजूला."

घरात फोटोंना तोटा नव्हता. दादाचे फोटो म्हणजे धार लावलेले. उडालेला घामाचा थेंब सुटा दिसला नाही तर तो फोटो त्याच्या लेखी फोटोच नव्हता. वहिनीनं त्याचे सगळ्यात गाजलेले फोटो एकेक करून घेतले. धावपटूनंतर गोलकीपर झाला. तो सूर मारत नव्हता, पलंगावरून पडताना कुणीतरी पकडून ठेवल्यासारखा दिसत होता. मग व्हॉलीबॉलवाली मुलगी झाली, ती माळ्यावरचा डबा काढत होती. हे मी म्हटलं नाही, ते दादा म्हणाला, आणि त्या दिवशी जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

"सर काय म्हणतात?" मी विचारलं.

"सर म्हणतात, कड सोडा, रेघ पुसट होऊ द्या." ती करवादली. "ज्याला बघावं त्याला कड सोडा. कुठली सोडू ते सांगा ना! हाताची सोडू, पायाची सोडू, का तुमची सोडू? म्हणे, फोटोनं माणूस थांबवलाय आणि तुम्ही थांबलेलाच उतरवताय. अहो, मग समोर आहे काय माझ्या? थांबलेलाच आहे ना?"

तिनं कड सोडूनही पाहिली. ओल्या रंगावर फडकं फिरवलं, तर गोलकीपरचं तोंड धुतल्यासारखं झालं आणि हातपाय तिथेच. कोरडा ब्रश घासला, तर माणसाला केस फुटल्यासारखे दिसायला लागले. घरात टर्पेंटाइनचा वास, खिडकीत खरवडलेले कॅनव्हास आणि तोंडावर बारा वाजलेले. पांढरी ट्यूब सारखी संपायची, काळी संपता संपायची नाही, आणि त्याचाही तिला राग यायचा.

असं दीड-दोन वर्षं चाललं. तिच्या जागी मी असते तर होड्या रंगवल्या असत्या.

मग एका संध्याकाळी दादा कॉम्प्युटरवर त्या दिवसाचे फोटो निवडत बसला होता. चांगले ठेवायचे, वाईट पुसायचे, हे त्याचं रोजचं. वहिनी मागून जात होती ती एकदम ओरडली, "थांबा! तो पुसू नका."

"अगं, हललाय तो," दादा म्हणाला.

"कळतंय मला. तोच हवाय."

अडथळ्यांच्या शर्यतीतली मुलगी होती. डोकं आणि पुढचा गुडघा तेवढा नीट आलेला. मागचा पाय म्हणजे नुसता फराटा, आणि एक हात कुठे संपतो आणि मैदान कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नाही.

दादा हसला. "माझी चूक घेऊन तू काय करणार?"

"बघते," ती म्हणाली. त्यानं दिला, कौतुकानंच दिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे दोघंही ते विसरले.

ते चित्र झालं. कसं झालं ते मला सांगता येणार नाही, मी चित्रातली जाणकार नाही. पण ते बघून माझ्या तोंडून विनोद निघाला नाही. गुडघा आपल्या अंगावर येत होता आणि मागचा पाय अजून मागेच कुठेतरी होता, येईल की नाही अशी धाकधूक वाटावी असा. दोनच रंग, त्यातही बराचसा करडा. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"बोल की," ती म्हणाली.

"अडखळणार नाही ना ती?" मी विचारलं.

वहिनीनं मला जेवायला थांबवून घेतलं.

त्यानंतर ती फक्त दादानं टाकून दिलेले फोटो मागायला लागली. तो द्यायचा, पण हसणं कमी झालं. वर्गाचं वार्षिक प्रदर्शन आलं, वाचनालयाच्या हॉलमध्येच. फुलं आणि होड्यांच्या मध्ये वहिनीची चित्रं. माणसं तिथे येऊन थबकायची. दादाच्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादकही बायकोबरोबर आले होते. त्यांनी अडथळ्यांच्या शर्यतीपुढे उभं राहून दादाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुमच्या फोटोपेक्षा इथे जास्त पळतेय हो ही!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मोकळ्या स्वभावाचा माणूस. पण मी दादाच्या शेजारीच होते. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून विझलं.

घरी येताना जिन्यात त्यानं विषय काढला. "माझ्या चांगल्या फोटोंचे तू पुतळे केलेस," तो म्हणाला, "आणि वाईट फोटो नेऊन भिंतीवर लावलास. सगळ्या गावासमोर."

"भिंतीवर फोटो नव्हता. माझं चित्र होतं."

"आणि ते आलं कुठून?"

"फोटो पुसणार होतात ना तुम्ही?"

"माझा होता, मी पुसणार होतो."

मी माझ्या मजल्यावर थांबले. वरचं दार लागल्याचा आवाज आला. आपटलं नव्हतं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर दादानं एक नवीन खोड काढली. वाईट फोटो तो मैदानावरच, कॅमेऱ्यातूनच पुसून यायचा. घरी यायचे ते फक्त धार लावलेले. वहिनीनं एकदा मागून पाहिलं, दोनदा मागून पाहिलं. "आज एकही हलला नाही," तो म्हणायचा. स्वतःच फोटो काढायला तिनं मोबाइल घेतला, पण दुकानाची सुट्टी आणि सामना यांची सांगड बसेना, आणि बसली तरी कडेला उभं राहून काढलेले खेळाडू मुंगीएवढे यायचे. ती पुन्हा धावपटू आणि गोलकीपरकडे वळली, चांगल्या फोटोवरून हललेलं चित्र काढायचं म्हणून. एकदा जमलेलं पुन्हा जमत नाही म्हटल्यावर माणूस कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. आधी निदान तिला माहीत नव्हतं काय हवंय. आता माहीत होतं. माझ्याकडे येऊन ती तासभर बसायची आणि सगळा तास दादाला शिव्या घालायची. मी ऐकून घ्यायची. भाऊ माझा असला तरी चूक त्याची होती.

आणि मग एक दिवस दादानं कॅमेऱ्यातलं कार्ड आपण होऊन तिच्यापुढे टाकलं. "घे. तुझ्या कामाचे आहेत. बरेच हललेत."

वहिनी मला बोलवायला धावत खाली आली. तिला वाटलं, राग निवळला. आम्ही दोघींनी कॉम्प्युटर लावला. फुटबॉलचा सामना होता. खरंच, एकामागून एक सगळे हललेले. वहिनीनं हर्षानं चार-पाच निवडले आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागली.

आठवड्यानं मी वर गेले तर कॅनव्हास खरवडलेला. "काय झालं?"

"काही होत नाहीये," ती म्हणाली. "सगळं धुरकट होतंय. काय सोडायचं आणि काय धरायचं तेच कळत नाहीये. त्या पोरीचा गुडघा होता ना धरायला? इथे गुडघाच नाही."

पुढच्या रविवारचं कार्डही तसंच. ती बराच वेळ पडद्यावरच्या फोटोकडे बघत राहिली. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि बोट ठेवलं. बोट खेळाडूवर नव्हतं, त्याच्या मागे गोलचा खांब होता, त्यावर होतं. खांब दोन दिसत होते, एकाला एक चिकटून.

"खेळाडू पळाला म्हणून खेळाडू हलला," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "खांब कशाला हलेल?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "लेन्सचं काहीतरी असेल."

"सकाळी कप बशीत ठेवताना वाजतो," ती म्हणाली. "मला वाटायचं, चिडून आपटतात."

तिनं त्याला सांगायला बरेच दिवस घेतले. मला म्हणाली तू सांग, मी म्हटलं तुझा नवरा आहे. ती म्हणाली तुझा भाऊ आधी आहे. शेवटी तिनंच सांगितलं, मी दाराशी उभी होते. दादा उसळला. "हात ठीक आहे माझा! लेन्स गेलीय." दुसऱ्याच दिवशी तो लेन्स घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्यानं सगळी उघडली, पुसली, तपासली आणि लेन्सला काही झालेलं नाही म्हणून परत दिली. दादा ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडे बसला. वर गेला नाही. मी पाणी दिलं, त्यानं भांडं दोन्ही हातांनी धरलं. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"लोकांना हललेले फोटो आवडतात म्हणे आता," तो म्हणाला. "म्हटलं, चालून जाईल."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. ज्या रोगाच्या भीतीनं आमचा जीव टांगणीला लागला होता तो नव्हता. नुसती थरथर होती. हात मोकळा असताना काही नाही, हातात काही धरलं की सुरू. गोळ्यांनी कमी होईल, जाईल असं मात्र नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दादानं संपादकांना स्वतःच कळवलं की मैदानावरची कामं आता दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी आग्रह केला, तिपाईवर कॅमेरा लावून काढा म्हणाले. दादा 'बघू' म्हणाला, आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

आता तो घरी बसायला लागला, आणि वहिनीच्या नाकी नऊ आले. आयुष्यभर लोकांची हालचाल टिपलेला माणूस, त्याला दुसरं काम उरलं नाही. तो तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचा.

"खांदा एवढा वर जात नाही."

"बरं."

"चेंडू तिथून आला तर तो इकडे कशाला बघेल?"

"अहो, तुम्ही जरा फिरून या ना."

"आत्ताच आलो."

सरांना सगळं कळलं तेव्हा ते वर्गात, सगळ्यांसमोर, अगदी मायेनं म्हणाले, "त्यांचे हात रंगवा. तुमचं सगळ्यात मोठं चित्र होईल ते." वहिनीनं सामान गोळा केलं आणि उठून आली. बरेच आठवडे ती वर्गाला फिरकली नाही.

"सरांचं चुकलं नाही गं," मी म्हटलं. "चांगल्या भावनेनं म्हणाले."

"चांगल्याच भावनेनं म्हणाले, म्हणून तर उठून आले. त्यांना कप धरता येत नाही आणि मी समोर बसून त्याचं चित्र काढू? मग ते लोक बघायला येणार, मान हलवणार. मला नाही जमायचं ते."

ही गोष्ट तिनं दादाला सांगितली नाही. मी सांगितली.  दुसऱ्या दिवशी दादानं कॅमेऱ्याची बॅग वहिनीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "रविवारी सुट्टी घे. तुला शिकवतो."

वहिनीनं दुकानात सांगून मंगळवारची सुट्टी सोडून रविवारची घेतली, आणि त्यासाठी मालकाची बोलणी खाल्ली. पहिल्या रविवारी मीही गेले होते. नसते गेले तर बरं झालं असतं. मैदानाच्या कडेला ती तिपाईमागे वाकलेली, आणि दादा घडीच्या खुर्चीवर.

"दाब! दाब!... गेलं."

"तुम्ही म्हणालात आणि मी दाबलं!"

"मी म्हणायची वाट बघितलीस ना? चेंडू दिसला म्हणजे उशीर झालेला असतो. पायाकडे बघ. पाय सांगतो आधी."

"मग तुम्ही आधी 'दाब' म्हणा."

"मी आधीच म्हणतोय!"

पुढच्या बाकावरचे लोक सामना सोडून यांच्याकडे बघायला लागले. संध्याकाळी कार्ड लावून पाहिलं तर काय? रिकामा गोल. गवत. अर्धा बूट. एका फोटोत पंचांची पाठ, इतकी नीट की शर्टाची शिवण मोजता यावी. दादानं एकेक बघितला आणि काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचाच वहिनीला जास्त संताप आला.

पण जात राहिले. दर रविवारी, भांडत जायचे आणि भांडत यायचे. हळूहळू फोटोत माणसं यायला लागली. दादा जरा आधी ओरडायला लागला की वहिनीच ऐकेनाशी झाली, कोण जाणे. एका रविवारी एक फोटो आला. चेंडू मारून झालाय, चेंडू चौकटीतून निघूनही गेलाय, आणि मारणारा स्वतःभोवती अर्धा वळलाय. दादा म्हणाला, फोटो म्हणून काही कामाचा नाही. वहिनी म्हणाली, मला हाच.

फक्त त्यात एक भानगड होती. ज्या पायावर तो उभा आहे, नेमक्या त्याच पायाच्या पुढून दुसऱ्या खेळाडूची पोटरी गेलेली. भार घेतलेलं पाऊल दिसतच नव्हतं. आणि पाऊल कुठे टेकलंय ते कळल्याशिवाय वरचा माणूस वळेना, नुसता कलंडायला लागला. वहिनीनं पाऊल इकडे काढलं, तिकडे काढलं, खरवडलं. दुकानात गिऱ्हाइकांना वळून दाखवायला लावलं. एक बाई बूट न घेताच गेली.

शेवटी दादा मधल्या खोलीत उभा राहिला. "बघ. असा," म्हणाला आणि त्या वयात एका पायावर गर्रकन वळला.

"थांबा तिथेच!" वहिनी ओरडली.

"थांबू कसा? थांबलो तर पडेन!"

मी धावत जाऊन त्याचा दंड धरला, तर वहिनी माझ्यावर ओरडली की तू धरलंस म्हणून भार बदलला. पुन्हा वळला. पुन्हा थांबता आलं नाही. गुडघा धरून खाली बसला आणि म्हणाला, "टाच उचललेली असते. बोटांवर असतो तो. आत्ता कळलं मला. इतकी वर्षं फोटो काढले, पण कळलं आत्ता."

वहिनीनं टाच उचलली. चित्र आधीपेक्षा बरं झालं, हे तिलाही मान्य आहे. वळतोय तो आता. पण पाहिजे तसा नाही, म्हणते, कुठेतरी अजून जरा अडकतो. सर स्वतः घरी येऊन बघून गेले, झालंय म्हणाले, प्रदर्शनाला द्या म्हणाले. तिनं त्यांना चहा दिला, वर्गाला यायचं कबूल केलं आणि चित्र द्यायला मात्र नाही म्हणाली.

परवा मी वर गेले तेव्हा ती पुन्हा त्याच पायाशी बसली होती. दादा मागे खुर्चीवर. "कंबर बघ," तो म्हणत होता. "पायाचं काही नाही, कंबरेत अडकलाय."

"पायातच आहे."

"कंबरेत."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "तू सांग," ती म्हणाली, "पण विनोद नको."

मी बघितलं. खरं म्हणजे मला दोन्हीकडे काही चुकलेलं दिसत नव्हतं. तसं सांगितलं असतं तर दोघंही माझ्यावर उखडले असते, म्हणून मी म्हटलं, मानेत काहीतरी वाटतंय.

दोघंही पुढे वाकून मान बघायला लागले.